रेषा संगणकाची, अंदाज आपला

नागपुरात वर्धा मार्गाने जाताना जरा मान वर करून पाहा. जमिनीवर नेहमीचा रस्ता, त्याच्या डोक्यावर मोटारींचा उड्डाणपूल आणि त्या पुलाच्याही डोक्यावर मेट्रोचा रूळमार्ग, असे तीन मजले एकावर एक दिसतात. वरचे दोन्ही मजले खांबांच्या एकाच रांगेवर तोलले आहेत. ही दुमजली रचना ३.१४ किलोमीटर लांब आहे. मेट्रोच्या दुमजली पुलांमध्ये सर्वांत लांब म्हणून २०२२ साली तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कामठी मार्गावर याहूनही लांब, सुमारे ५.६ किलोमीटरची दुमजली रचना खुली झाली. तिथे गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजल्यांची उतरंडच रचली आहे.

विद्यार्थिमित्रहो, अशा खांबाजवळ उभे राहून एक प्रश्न स्वतःला विचारा. हा खांब एवढाच जाड का? याहून बारीक का नाही, किंवा याच्या दुप्पट का नाही? बारीक केला असता तर धोका होता आणि दुप्पट केला असता तर पैसा व जागा दोन्ही वाया गेली असती. कुणीतरी हिशेब करून ही जाडी ठरवली आहे. त्या हिशेबात आज संगणकाचा मोठा वाटा असतो. नागपूर मेट्रोचे काम सुरू झाले तेव्हा तिची संगणकीय प्रतिकृतीही बनवली गेली. लांबी, रुंदी व उंची या तीन मितींच्या जोडीला वेळ ही चौथी आणि खर्च ही पाचवी मिती तिच्यात होती. असे पंचमितीय माहिती-प्रतिमान वापरणाऱ्या भारतातील सुरुवातीच्या मेट्रो प्रकल्पांत नागपूरची गणना होते.

तुमच्यापैकी काही जण उद्या स्थापत्य अभियांत्रिकीकडे जातील. पदविका असो वा पदवी, तिथे गेल्यावर लवकरच ‘कॅड’ हा शब्द कानी पडेल. संगणकाच्या साहाय्याने आरेखन व संकल्पन करणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामागोमाग स्टॅड, इटॅब्स, रेव्हिट अशी नावे येतील. ही नावे म्हणजे जादूचे मंत्र आहेत, ते पाठ केले की अभियंता होता येते, असा समज पुष्कळांचा असतो. तो समज का चुकीचा आहे आणि ही साधने शिकावीत तर कोणत्या क्रमाने, हे आज आपण पाहू.

फळ्यावरून पडद्यावर

संगणक येण्यापूर्वी इमारतीचे नकाशे लाकडी आरेखनफळ्यावर काढले जात. टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास आणि टोक काढलेली पेन्सिल ही आरेखकाची आयुधे. पेन्सिलीचे चित्र पूर्ण झाले की त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने ते गिरवायचे आणि मग त्याच्या निळ्या प्रती काढायच्या. खिडकी एक वीत सरकवायची ठरली, की पात्याने शाई खरवडून काढणे आले. दर्शनी बाजूच्या चित्रात खिडकी सरकली, पण आडव्या छेदाच्या चित्रात ती जुन्याच जागी राहिली, म्हणजे बांधकामावर गोंधळ ठरलेला.

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुणाने आपल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली मांडली. टीएक्स-२ नावाच्या मोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेषा काढता येत. पण खरी गंमत पुढे होती. ‘या दोन रेषा समांतर असू देत’ असे एकदा सांगितले, की चित्र कितीही ओढले-ताणले तरी संगणक त्या समांतरच ठेवी. कागदावरची रेषा म्हणजे शाईचा ओरखडा. स्केचपॅडमधील रेषेला मात्र आपण कोण आहोत आणि शेजारणीशी आपले नाते काय, हे ठाऊक होते. सदरलँडने दिलेल्या उदाहरणांत एक सांगाड्याचा पूलही होता. त्यावर भार ठेवला की प्रत्येक दांडीतील बल किती, हे संगणक दाखवी. म्हणजे या शास्त्राच्या पाळण्यातच पूल होता म्हणा ना!

१९८२ साली ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली लहान संगणकांसाठी आली आणि हळूहळू आरेखनफळे कोपऱ्यात गेले. त्यानंतरची पायरी म्हणजे आपण वर पाहिलेले माहिती-प्रतिमान. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नसतात. ती खरोखर ‘भिंत’ असते. तिची जाडी, तिचे साहित्य, तिचा खर्च आणि ती बांधण्याची तारीख तिच्याबरोबर नोंदलेली असते. खिडकी एकदा सरकवली की सगळ्या चित्रांत ती आपोआप सरकते. पाण्याचा नळ एखाद्या तुळईच्या पोटातून जात असेल, तर तशी सूचना बांधकाम सुरू होण्यापूर्वीच मिळू शकते. कागदावरची चूक खोडायला रबर पुरते, काँक्रीटमधली चूक काढायला मात्र ब्रेकर मशीन लागते. म्हणूनच या सोयीचे मोल मोठे.

पडद्याआड काय चालते?

चित्र काढणे हा झाला अर्धा भाग. दुसरा भाग म्हणजे रचना भार सोसेल की नाही, याचे गणित. स्टॅड किंवा इटॅब्ससारख्या आज्ञावल्या हे काम करतात. त्या आत नेमके काय करतात, हे समजायला दहावीचे गणित आणि हूकचा नियम पुरेसा आहे. चला, करूनच पाहू.

असे समजा, की एक स्प्रिंग भिंतीला अडकवली आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला दुसरी स्प्रिंग जोडली आहे. पहिली स्प्रिंग १ सेंटीमीटर ताणायला २ न्यूटन बल लागते, दुसरीला ३ न्यूटन. आता दुसरीचे मोकळे टोक ६ न्यूटन बलाने ओढले. मधला सांधा किती सरकेल आणि टोक किती सरकेल?

मधला सांधा क्ष सेंटीमीटर आणि टोक य सेंटीमीटर सरकले असे मानू. पहिली स्प्रिंग क्ष ने ताणली गेली, म्हणून ती सांध्याला २क्ष बलाने मागे ओढते. दुसरी (य − क्ष) ने ताणली गेली, म्हणून ती त्याच सांध्याला ३(य − क्ष) बलाने पुढे ओढते. सांधा स्थिर आहे, म्हणजे ही दोन बले समान:

२क्ष = ३(य − क्ष)

टोकही स्थिर आहे, म्हणून तिथे:

३(य − क्ष) = ६

दुसऱ्या समीकरणावरून य − क्ष = २. ती किंमत पहिल्यात घातली की क्ष = ३ आणि म्हणून य = ५. मधला सांधा ३ सेंटीमीटर व टोक ५ सेंटीमीटर सरकेल. ताळा करून पाहा: पहिली स्प्रिंग ३ सेंटीमीटर ताणली, बल ६ न्यूटन; दुसरी २ सेंटीमीटर ताणली, बल तेही ६ न्यूटन. जमले!

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवताना ‘याचा उपयोग काय?’ असे ज्यांच्या मनात येते, त्यांनी या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहावे. इमारतीची प्रत्येक तुळई आणि प्रत्येक खांब म्हणजे एक ताठ स्प्रिंगच आहे. तिचा ताठपणा तिच्या आकारावरून व साहित्यावरून काढता येतो. प्रत्येक सांध्यापाशी ‘सर्व बलांची बेरीज शून्य’ असे लिहायचे आणि येणारी समीकरणे सोडवायची. एवढेच काम आज्ञावली करते.

मग संगणक कशाला हवा? समीकरणांच्या संख्येमुळे. २५ खांबांची चार मजली इमारत घ्या. प्रत्येक मजल्यावर २५ सांधे, म्हणजे एकूण १०० सांधे. खरा सांधा तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती थोडा वळूही शकतो. म्हणजे प्रत्येक सांध्याची सहा अज्ञाते, इमारतीची ६००. सहाशे अज्ञातांची सहाशे समीकरणे एकामागून एक चल लोपवण्याच्या साध्या पद्धतीने सोडवायची, तर सुमारे ७ कोटी २० लाख गुणाकार करावे लागतात. एका गुणाकाराला १० सेकंद धरले, तर न झोपता न जेवता बसणाऱ्या माणसाला जवळजवळ २३ वर्षे लागतील! आजचा साधा संगणक हेच काम एका सेकंदाच्या आत उरकतो. इतक्या वेगाने मिळालेल्या उत्तराकडे माणूस सहसा संशयाने पाहत नाही. धोका आहे तो इथेच.

तुकडे किती पाडायचे?

तुळई सरळ असते, म्हणून तिला एक स्प्रिंग मानून चालते. पण धरणाची भिंत, पाण्याची गोल टाकी किंवा जाड काँक्रीटची कोठी घेतली, तर? तिथे अभियंते त्या वस्तूचे मनातल्या मनात लहान लहान तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा ताठपणा काढतात आणि मग तीच समीकरणांची रांग मांडतात. याला परिमित घटक पद्धत म्हणतात. या पद्धतीचे इंग्रजी नाव रे क्लाफ या अमेरिकन अभियंत्याने १९६० साली रूढ केले.

तुकडे किती पाडावेत, हे मात्र माणसाने ठरवायचे असते. एक वर्तुळ काढा आणि त्यात षट्कोन बसवा. षट्कोनाची परिमिती व्यासाच्या बरोबर ३ पट भरते. बारा बाजूंची आकृती घेतली तर ३.१०६ पट, चोवीस बाजूंची घेतली तर ३.१३३ पट. वर्तुळाचा खरा परीघ ३.१४१६ पट असतो. तुकडे जितके बारीक, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ. षट्कोनावर समाधान मानणाऱ्याला संगणक अडवत नाही. ‘तीन पट’ हे उत्तर तो आठ दशांश स्थळांपर्यंत छापून देतो, आणि ते दशांश पाहून आपल्याला वाटते की केवढी ही अचूकता!

नॉर्वेत याची फार मोठी किंमत मोजावी लागली. समुद्रातील तेल-वायूच्या कामासाठी ‘स्लाइप्नर ए’ नावाचा प्रचंड काँक्रीटचा पाया बांधला जात होता. २४ कोठ्या एकमेकींना चिकटवून तो रचला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हँगर शहराजवळच्या खाडीत चाचणीसाठी त्याला पाण्यात उतरवत असता एका कोठीची भिंत फुटली आणि सगळा पाया तळाशी जाऊन त्याचा चक्काचूर झाला. वरची सर्व माणसे वाचली, हे भाग्य. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. चौकशीत आढळले, की तीन कोठ्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथल्या त्रिकोणी जागेच्या भिंतींचे संगणकीय तुकडे फार ओबडधोबड पाडले होते. त्यामुळे तिथले कर्तन प्रतिबल खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आले. त्याच आकड्यावर विसंबून भिंत बारीक ठेवली होती आणि आतील लोखंडी गजांची अडकवणही अपुरी होती. नंतर काळजीपूर्वक हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटायला हवी असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे भौतिकशास्त्र बरोबर होते आणि संगणकही बरोबर होता. प्रश्न तेवढा नीट विचारला गेला नव्हता.

खराट्याच्या हिराचा धडा

आणखी एक उदाहरण पाहू. त्याआधी एक प्रयोग करा. खराट्याचा एक सरळ हीर घ्या आणि सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा. तो उभा धरून वरून बोटाने हळूहळू दाबा. थोड्याशा दाबाने तो मध्येच कमानीसारखा वाकतो. आता मित्राला सांगा, की हिराचा मध्य दोन बोटांच्या चिमटीत धरून ठेव. घट्ट दाबू नको, बाजूला सरकू मात्र देऊ नको. पुन्हा दाबून पाहा. आता पुष्कळ जास्त बल लावावे लागेल. गणित सांगते, की मध्ये आधार दिला की वाकण्यासाठी चौपट बल लागते. लांबी निम्मी, ताकद चौपट.

अमेरिकेत हार्टफर्ड शहरात एका क्रीडागृहावर पोलादी दांड्यांच्या जाळीचे सुमारे ११० मीटर लांब आणि ९१ मीटर रुंद छत होते. संगणकाच्या मदतीने संकल्पन केल्यामुळे ते हलके व स्वस्त झाले, याचे तेव्हा मोठे कौतुक होते. हिशेब करताना असे गृहीत धरले होते, की छतातील दाबल्या जाणाऱ्या लांब दांड्यांना मध्यभागी घट्ट आधार आहे. प्रत्यक्ष बांधणीत तो आधार तितका घट्ट नव्हता. म्हणजे संगणकाच्या मनात मित्राची चिमूट होती, छतावर मात्र ती नव्हती! बांधकाम चालू असतानाच छताचा बाक हिशेबापेक्षा सुमारे दुप्पट भरला होता. हा इशारा होता. पण प्रत्यक्षात आणि गणितात थोडा फरक पडायचाच, असे म्हणून तो बाजूला ठेवला गेला. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते संपूर्ण छत कोसळले. त्याच्या काही तास आधी तिथे बास्केटबॉलचा सामना होता आणि सुमारे पाच हजार प्रेक्षक त्याच छताखाली बसले होते.

या दोन्ही घटनांत संगणकाने बेरीज चुकवली नाही. जे गृहीत धरायला सांगितले, ते त्याने निमूटपणे धरले. अभियंत्याचे शिक्षण असते ते हे गृहीत तपासण्यासाठी.

सहा टनांची खोली

मग तपासायचे कसे? सहाशे समीकरणे तर आपल्याला हाताने सोडवता येणार नाहीत. ती सोडवायचीच नसतात. उत्तर कोणत्या घरात पडेल, एवढा अंदाज आधी बांधायचा असतो.

३ मीटर रुंद व ४ मीटर लांब अशा एका खोलीवर १२ सेंटीमीटर जाडीचा स्लॅब आहे. त्याचे घनफळ ३ × ४ × ०.१२ म्हणजे १.४४ घनमीटर. लोखंडी गजांसह एक घनमीटर काँक्रीटचे वजन साधारण २५०० किलो धरतात. म्हणजे स्लॅबचे वजन ३६०० किलो. घरातील माणसे व सामान यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरण्याची भारतीय मानकाची रीत आहे. १२ चौरस मीटरला तो २४०० किलो होतो. बेरीज ६००० किलो, म्हणजे ६ टन. साठ किलोचा एक माणूस धरला, तर त्या लहानशा खोलीच्या स्लॅबचा भार वाहणे म्हणजे शंभर माणसे डोक्यावर घेणे!

न्यूटन सांगतो, की वस्तू स्थिर असेल तर खालच्या आधारांनी मिळून तितकेच बल वर लावले पाहिजे. म्हणून आज्ञावलीने दिलेल्या सर्व आधारांवरील बलांची बेरीज ६ टनांच्या आसपास आली पाहिजे. ती ०.६ टन आली, तर कुठेतरी दशांश चिन्ह घसरले. ६०० आली, तर सेंटीमीटरच्या जागी मीटर पडले असेल. २.४ आली, तर स्लॅबचे स्वतःचे वजन धरायचेच राहून गेले. हा ताळा करायला दोन मिनिटे लागतात. कोणतीही आज्ञावली चालवण्यापूर्वी असा एक आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि उत्तर आल्यावर त्याच्याशी ताडून पाहावे. उत्तर पाहिल्यानंतर लिहिलेला अंदाज हा अंदाज नव्हे!

अंदाजासाठी आकड्यांबरोबर प्रमाणाचे नियमही अंगवळणी पडायला हवेत. बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत दोन आधारांवर पट्टी ठेवून, मध्ये वजन टांगून तिचा बाक मोजण्याचा प्रयोग असतो. तो तुम्हाला घरीही करता येईल. प्लास्टिकची ३० सेंटीमीटरची मोजपट्टी दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर अशी ठेवा, की मधले अंतर २० सेंटीमीटर राहील. मध्यावर दोऱ्याने एक वजन टांगा आणि पट्टी किती खाली गेली ते मोजा. मग तेच वजन ठेवून अंतर १० सेंटीमीटर करा. बाक निम्मा होईल असे वाटते ना? तो आठवा हिस्साच राहतो, कारण बाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. आता पट्टी आडवी न ठेवता उभ्या कडेवर धरून पाहा. ती जवळजवळ वाकणारच नाही. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असेल, तर कडेवर उभी केल्यावर तिचा ताठपणा २२५ पट होतो, म्हणजे १५ चा वर्ग. घरातील तुळई रुंदीपेक्षा उंचीला जास्त का असते, याचे उत्तर या साध्या पट्टीत आहे. ज्याने हा प्रयोग केला आहे, त्याला पडद्यावर आडव्या ठेवलेल्या तुळईचे उत्तर पाहताच काहीतरी खटकेल. ज्याने केला नाही, तो ते उत्तर तसेच छापून देईल.

मग शिकायचे कोणत्या क्रमाने?

पहिली पायरी कागद-पेन्सिलीची. आपला वर्ग फीतपट्टीने मोजा आणि १ : ५० या प्रमाणात त्याचा नकाशा काढा. भिंतीची जाडी विसरू नका; पहिल्या खेपेला बहुतेक जण विसरतात. मग वरून दिसणारे, समोरून दिसणारे आणि मध्ये कापून दिसणारे अशी तीन चित्रे काढा. वस्तू मनात फिरवून पाहण्याची ही सवय कोणतीही आज्ञावली लावून देत नाही.

दुसरी पायरी संगणकीय आरेखनाची. यासाठी महागडी आज्ञावली विकत घेण्याची किंवा तिची चोरटी प्रत मिळवण्याची गरज नाही. ‘लिब्रेकॅड’ ही सपाट चित्रांसाठी आणि ‘फ्रीकॅड’ ही घन आकृतींसाठी अशा दोन मुक्त आज्ञावल्या कुणालाही विनामूल्य घेता येतात. नकाशे व भूप्रदेश यांच्यासाठी ‘क्यूजीआयएस’ आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात अशा अनेक मुक्त आज्ञावल्यांचे पाठ भारतीय भाषांतून तयार झाले आहेत व त्यांत मराठीही आहे. शाळेत संगणककक्ष असेल, तर शिक्षकांनी आठवड्याचा एक तास यासाठी काढून पाहावा. कागदावरचा तोच वर्ग आता पडद्यावर काढा. आज्ञा लक्षात राहत नाहीत म्हणून घाबरू नका. एक आज्ञावली नीट आली, की दुसरी शिकायला थोडाच वेळ लागतो. वाहन बदलले तरी रस्ता तोच असतो.

तिसरी पायरी महाविद्यालयातली, आणि ती गणिताची. बले, आघूर्ण, प्रतिबल, बाक यांचे प्रश्न हाताने सोडवल्यानंतरच विश्लेषणाच्या आज्ञावलीकडे वळावे. सुरुवातीला ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असाच प्रश्न तिला घालावा. दोन आधारांवरील साधी तुळई तिला नीट सोडवता आली, याची खात्री पटली की दहा मजली इमारतीकडे जावे.

चौथी पायरी संकल्पनाची. काँक्रीटसाठी आयएस ४५६ आणि पोलादासाठी आयएस ८०० ही भारतीय मानके आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेली ‘ओसडॅग’ ही मुक्त आज्ञावली आयएस ८००:२००७ या मानकाप्रमाणे पोलादी सांध्यांचे व दांड्यांचे संकल्पन करून दाखवते. एखाद्या सांध्याला किती बोल्ट लागतील, हे ती सांगते आणि तो सांधा तीन मितींत चितारतेही. बोल्टांची संख्या आधी स्वतः काढावी, मग तिला विचारावे. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर ज्याने शोधून काढले की का जुळली नाहीत, तो त्या दिवशी खरे काहीतरी शिकला.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९०३ साली खडकवासला धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पूर आला की पाण्याच्या पातळीबरोबर ते उघडत आणि पाणी उतरले की मिटत. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. आज त्यांच्या हाती कॅड आले असते, तर त्यांनी ते नक्कीच वापरले असते. फक्त दरवाज्यावर पाण्याचा दाब किती येईल, हे त्यांनी आधी स्वतः काढले असते.

जाता जाता तुमच्यासाठी दोन प्रश्न. वरच्या दोन स्प्रिंगांच्या टोकाला १ सेंटीमीटर ताणायला १ न्यूटन लागणारी तिसरी स्प्रिंग जोडली आणि तिचे टोक ६ न्यूटन बलाने ओढले, तर ते टोक किती सरकेल? समीकरणे तीन मांडा. उत्तर ११ सेंटीमीटर आले पाहिजे. दुसरा प्रश्न: तुम्ही आता ज्या वर्गात बसला आहात, त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबचे वजन किती टन असेल? वर्ग मोजण्यापूर्वी एक आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहा. मग उठा आणि फीतपट्टी घ्या.